रेघेखालचे अक्षर
(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या तालमी जिमखान्याच्या मागच्या खोलीत चालू होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या वाद्यवृंदात दोन गिटार, एक कीबोर्ड, एक ढोलकी आणि कुणाच्या तरी मामाकडून उसना आणलेला ऑक्टोपॅड असा सगळा सरंजाम होता. एका जुन्या हिंदी गाण्याचा कागद माझ्या पुढ्यात आला. शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची अक्षरे लिहिलेली होती. आधी ए मायनर. मग पुन्हा ए मायनर, पण या वेळी त्याच्यापुढे एक तिरकी रेघ आणि रेघेपलीकडे जी. तिथे माझा हात थबकला.

वृंद बसवणारा आमचा ज्येष्ठ मित्र म्हणाला, "अरे, ते रेघेखालचं सोडून दे. सरळ ए मायनर धर. लोकांना काय कळतंय!"

सगळे हसले. मीही हसलो आणि सरळ ए मायनर धरली. गाणे पुढे गेले, कुणाचे काही अडले नाही. पण त्या दिवशी घरी जाताना एस.टी.त माझ्या डोक्यात ते एकच वाक्य घोळत होते. 'लोकांना काय कळतंय!' हे वाक्य मी यापूर्वी पुष्कळ ठिकाणी ऐकले आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे ते आपल्या कॉलेजजीवनाचे अनधिकृत बोधवाक्य आहे. ते खोटे आहे आणि घातकही आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. दाखला मात्र मी गिटारचाच देणार, कारण मला दुसरे काही येत नाही. गिटारही येते असे नव्हे. दीड वर्षापूर्वी पुण्याला इंजिनिअरिंगला निघालेल्या एका मुलाकडून जुनी गिटार विकत घेतली. दिवाळीच्या सुट्टीत स्टेशनरीच्या दुकानात काम करून मिळालेले सगळे पैसे तिच्यात गेले. तेव्हापासून मी शिकतो आहे, इतकेच.

प्रथम ही रेघेची भानगड काय आहे ते सांगतो. आमच्या प्राध्यापकवर्गापैकी काहींना गिटार म्हणजे तास बुडवून कट्ट्यावर बसण्याचे साधन, एवढीच ओळख असण्याचा संभव आहे. (क्षमस्व.)

गिटारला सहा तारा असतात. सर्वांत जाड ती सहावी, सर्वांत बारीक ती पहिली. जाडीकडून सुरुवात केली तर मोकळ्या तारांचे स्वर अनुक्रमे ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई. सतारीला जसे पडदे असतात तशा गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. कॉर्ड म्हणजे तीन किंवा अधिक स्वर एकदम वाजवणे. ए मायनरमध्ये ए, सी आणि ई हे तीन स्वर असतात. हार्मोनियमवर ए हा सा मानला, तर हेच सा, कोमल गंधार आणि पंचम. धरायला ही कॉर्ड सोपी आहे. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. पाचवी तार मोकळी ठेवायची, तो खालचा ए. सहावी वाजवायचीच नाही.

आता तिरकी रेघ. रेघेच्या अलीकडचे अक्षर सांगते की वर कोणती कॉर्ड धरायची. पलीकडचे सांगते की सर्वांत खाली, म्हणजे खर्जाला, कोणता स्वर लागला पाहिजे. ए मायनरखाली ई लिहिला असेल, तर सहावी तार मोकळी छेडली की काम झाले. सी लिहिला असेल, तर करंगळीने पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबायचा. हे दोन्ही स्वर मुळात त्या तिघांपैकीच आहेत. घरातलाच माणूस ओसरीवरून उठून उंबऱ्यावर येऊन बसला, इतकाच फरक.

जी ची गोष्ट निराळी. जी त्या तिघांत नाहीच. तो सा च्या लगेच खालचा, मंद्र सप्तकातला कोमल निषाद. वरचे तिघे तेच राहतात, पण खाली हा बाहेरचा येऊन उभा राहतो आणि सगळ्या घराचा नूर पालटतो. आधी ए मायनर उदास असते पण स्थिर असते. खाली जी आला की ती स्थिर राहत नाही, तिला कुठेतरी जायचे असते. वरचे एक बोटही हललेले नसताना असे होते. हा अनुभव मी पहिल्यांदा घेतला तेव्हा मला खरोखर आश्चर्य वाटले.

पण तो अनुभव येईपर्यंत तीन आठवडे गेले. कारण हा जी सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आहे, आणि तीन बोटे आधीच गुंतलेली असल्यामुळे तिथे पोचायची जबाबदारी बिचाऱ्या करंगळीवर येते. करंगळीचा उपयोग मला आजवर एकच ठाऊक होता. प्राथमिक शाळेत गुरुजींना ती दाखवली की बाहेर जाता येत असे. आता तिला मानेच्या पार पलीकडच्या काठापर्यंत ताणून सर्वांत जाड तार दाबायची होती. ती ताणली की अनामिका आपल्या जागेवरून घसरे. अनामिका सांभाळली की तर्जनी पहिल्या तारेला टेके आणि ती तार मुकी होई. शिवाय मधली पाचवी तार वाजता कामा नये, नाहीतर ए आणि जी दोन्ही खर्जात एकदम घुमतात आणि चिखल होतो. त्यासाठी करंगळी किंचित आडवी धरून तिच्या पोटाने पाचवी तार दाबायची नाही, नुसती शिवायची. एकाच बोटाने एक तार दाबायची आणि शेजारची गप्प करायची, असा हा दुहेरी कारभार.

पहिल्या आठवड्यात नुसती खरखर निघाली. दुसऱ्या आठवड्यात मनगट दुखू लागले, तेव्हा चूक उमगली. मी अंगठा मानेवरून वर काढून मूठ आवळल्यासारखी गिटार धरत होतो. अंगठा मानेच्या मागे मधोमध आणला, मनगट थोडे पुढे काढले, तेव्हा करंगळीला अर्धा इंच जास्त मिळाला. तो अर्धा इंच म्हणजे सर्व काही. तिसऱ्या आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली. सगळी कॉर्ड उचलून नव्याने मांडायची नसते. वरची तीन बोटे जागच्या जागी ठेवायची आणि चार मात्रांनंतर फक्त करंगळी खाली आणायची. मग चार मात्रांनी ती उचलायची. असे रोज शंभरदा. शिकणाऱ्या मित्रांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण मला हे कुणी सांगितले नव्हते.

इथे एक कबुली. पहिला आठवडाभर मला स्वतःलाही फरक ऐकू येत नव्हता. मोबाइलवर धडे पाहून शिकत होतो. शिकवणारा एकदा साधी ए मायनर वाजवी, एकदा जी घेऊन वाजवी आणि विचारी, फरक जाणवला ना? मला काही जाणवत नसे. माझे कान अडाणी आहेत अशी माझी खात्री झाली. मग एकदा हॉस्टेलवरच्या मित्राचे इअरफोन लावून तोच धडा ऐकला आणि अंगावर काटा आला. कारण साधे होते. खालचा ए सेकंदाला ११० कंपनांचा आणि त्याच्या खालचा जी ९८ कंपनांचा. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून इतका खालचा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. उणीव माझ्या कानात नव्हती. माझ्यापर्यंत तो स्वर पोचतच नव्हता.

मित्रहो, मला वाटते की आपण ज्याला 'लोकांना कळत नाही' म्हणतो त्यातला मोठा भाग असा असतो. त्यांच्यापर्यंत ते पोचवलेलेच नसते.

आता कुणी विचारील, इतक्या खटाटोपाने मिळते काय? मिळते ती एक उतरण. ए मायनर, मग खाली जी, मग एफ. वर गाणे आपल्या जागी चालू असते आणि खाली खर्ज एकेक पायरी उतरत जातो. सा, कोमल नी, कोमल ध. ही उतरण काही कालची नाही. इटलीच्या क्लाउदिओ माँतेव्हेर्दीने १६३८ साली छापलेल्या संग्रहात एका अप्सरेचा विलाप आहे. त्यात तिच्या गाण्याखाली ए, जी, एफ, ई हे चारच उतरते स्वर पुनःपुन्हा येत राहतात. ती वर काय वाटेल ते गाते, रडते, थांबते. खालचे चार स्वर आपली चाल सोडत नाहीत. हेन्री पर्सेलने १६८० च्या दशकात लिहिलेल्या 'डायडो अँड ईनिअस' या संगीतिकेत राणी डायडोच्या मरणगीताखाली अशीच उतरण आहे, फक्त ती अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरते. आणि १९६८ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने गिटारच्या रडण्यावर जे प्रसिद्ध गाणे केले, त्याच्या आरंभीच ए मायनर कायम ठेवून खालचा स्वर ए, जी, एफ शार्प, एफ असा उतरतो. तीनशेतीस वर्षांच्या अंतरावरच्या माणसांना दुःख सांगताना खर्ज उतरवावासा वाटला. त्यांपैकी कुणीही, 'लोकांना काय कळतंय' असे म्हटलेले दिसत नाही.

यावर आमचे एक विद्वान मित्र म्हणतात, "हे सगळे त्यांचे. आपल्या संगीतात हे कुठे आहे?" आक्षेप विचार करण्यासारखा आहे, म्हणून मी त्यावर विचार केला. आपल्या रागसंगीतात आधार हलत नाही, हे खरे. तानपुरा षड्ज धरून बसतो आणि गाणारा त्याच्याशी नाते जोडत फिरतो. त्यांच्याकडे कित्येकदा वरचा थांबतो आणि आधारच चालू लागतो. पद्धत उलटी आहे, पण खालच्या स्वराने वरच्याचा अर्थ ठरतो ही गोष्ट दोन्हीकडे एकच. मालकंस गायचा असेल तर तानपुऱ्याची पहिली तार पंचमातून उतरवून मध्यमात लावतात, कारण मालकंसात पंचम नाही. एक तार उतरवली की सगळ्या खोलीचे वातावरण बदलते. मैफलीत तानपुरा मागे बसून वाजवणाऱ्याकडे कुणाचे लक्ष नसते. त्याने क्षणभर हात थांबवला, तर मात्र सर्वांचे लक्ष जाते.

आणि 'आपले' म्हणजे तरी कोणते? हार्मोनियम परकी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दार लावले आणि १९७१ मध्ये ते किलकिले केले. आज कीर्तनापासून भजनी मंडळापर्यंत तिच्याशिवाय पान हलत नाही. ज्या हिंदी चित्रपटगीतांना आपण 'आपली जुनी गाणी' म्हणून उराशी धरतो, त्यांच्या वाद्यमेळात गोव्याच्या वादकांचा आणि संयोजकांचा केवढा वाटा आहे! गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत. त्या मातीतून आलेल्या सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचे नाव गाण्यात आले, तेव्हा ते देशभर पोचले. पण नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते की हा एक खराखुरा संगीतकार आहे? पोस्टरवर नटांची नावे, रेकॉर्डवर गायकाचे आणि संगीत दिग्दर्शकाचे. खालचे स्वर लिहिणारे आणि वाजवणारे बहुधा रेघेखालीच राहिले.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. तो माझ्या घरातला आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. ट्रंपेट नव्हे, सनईसारखी गाणारी क्लॅरिनेटही नव्हे. ते युफोनियम वाजवतात. पोटाशी कवळून धरायचे, वर तोंड असलेले मोठे पितळी वाद्य. वरातीत पुढे ट्रंपेटवाला असतो, नोटा त्याच्या तोंडासमोर नाचवतात. आण्णा मागल्या रांगेत, लाल कोट, सोनेरी बटणे, गालाचे दोन फुगे. तुळशीच्या लग्नापासून जेठापर्यंत सुपाऱ्या असतात, नंतर चार महिने दुसऱ्याच्या रानात मजुरी. शाळा चौथीपर्यंत. स्वरलेखन वगैरे काही नाही. गाणे चारदा ऐकायचे आणि बसवायचे.

तालमीतल्या त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी मी घरी ओसरीवर तेच गाणे वाजवत होतो. तोपर्यंत तीन आठवड्यांची मेहनत मी मित्राच्या एका वाक्यावर सोडून दिली होती. ए मायनर आठ मात्रा आणि मग थेट एफ. आण्णा रात्रीच्या सुपारीवरून येऊन बाजेवर आडवे झाले होते. मला वाटले, झोपलेत. डोळे न उघडताच ते म्हणाले,

"आरं, मधली पायरी कुठं गेली?"

"कसली पायरी?"

त्यांनी तोंडानेच खालच्या आवाजात तीन स्वर म्हणून दाखवले. ए, जी, एफ. अचूक. "ही उतरायची चाल हाय ना? जिन्यावरनं येताना पायरी गाळली की मानूस तोंडावर आपटतो."

मी म्हणालो, "आण्णा, तेवढं लोकांना कळत नाही."

मग मात्र त्यांनी डोळे उघडले. "कळत नाही कसं? लोकांना सांगता येत नाही. कळतं समद्यांना. वरातीत माझं वाजायचं थांबलं, की नाचनाऱ्याचं पाय ढिलं पडत्यात. त्याला ठाव नसतं काय थांबलं ते. पर पाय ढिलं पडत्यात."

एवढे बोलून ते कूस बदलून झोपले. मी गिटार मांडीवर घेऊन किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. जी गोष्ट समजायला मला मोबाइलवरचे धडे, मित्राचे इअरफोन आणि तीन आठवडे लागले, ती या माणसाला तीस वर्षांपासून ठाऊक होती. आणि मला हे माहीत नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

विचारले का नव्हते, तेही सांगतो. नाहीतर या लेखाला अर्थ नाही. कॉलेजात प्रवेश घेताना अर्जात एक रकाना होता, 'वडिलांचा व्यवसाय'. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. रांगेत माझ्या पुढच्या मुलाने 'शिक्षक' लिहिले होते, मागच्याने 'बँक अधिकारी'. माझे पेन थोडा वेळ थांबले आणि मी लिहिले, 'खासगी नोकरी'. पुढे कुणी विचारले तर तेच सांगत आलो. गेल्या वर्षी याच गावातल्या एका वरातीत आण्णा मागल्या रांगेत चालले होते. माझे दोन वर्गमित्र बरोबर होते. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. आण्णांनी मला पाहिले की नाही, हे मी आजवर विचारलेले नाही.

त्या दिवशी मीही मनात तेच वाक्य म्हटले होते. लोकांना काय कळतंय.

म्हणून मला हे वाक्य नुसते चुकीचे वाटत नाही, त्याची भीती वाटते. आपण ते किती ठिकाणी म्हणतो पाहा. कवितेचा तास चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, हे परीक्षेला आहे का?" नसेल तर रेघेखालचे. इतिहासात राजाचे नाव पाठ करायचे, त्याच्या काळात शेतसारा किती होता ते गाइडमध्ये नाही, म्हणून सोडायचे. अर्थशास्त्राची व्याख्या घोकायची, बाजारात आपल्या घरचा कांदा काय भावाने गेला याचा तिच्याशी संबंध लावायचा नाही. मूळ पुस्तक ग्रंथालयात धूळ खाते आणि झेरॉक्सच्या दुकानात 'अपेक्षित प्रश्नां'पुढे रांग लागते. वरची तीन बोटे धरली की कॉर्ड ओळखू येते, पास होण्यापुरती वाजते. पण तिला कुठेही जायचे नसते. आपली पदवी अशी एका जागी उभी राहिलेली ए मायनर होऊ नये, असे मला वाटते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नवशिक्याने पहिल्या दिवशीच तिरक्या रेघेच्या मागे लागावे असे मी म्हणत नाही. ज्याची साधी ए मायनर अजून खरखरते त्याने आधी ती स्वच्छ करावी. आणि वृंदात बेस गिटार वाजवणारा असेल, तर तो खालचा जी त्याच्या वाट्याचा आहे. इतर गिटारवाल्यांनी तिथे लुडबूड केली तर उलट गर्दीच होते. पण आमच्या वृंदात बेस गिटार नव्हती. कीबोर्ड वाजवणाऱ्याचा डावा हात मोकळाच होता, आणि त्याला तो स्वर घे म्हणून कुणी सांगितलेही नव्हते. ती जागा रिकामी होती. 'आपल्याला जमत नाही, म्हणून सध्या सोडू', असे आमचा मित्र म्हणाला असता तर मी हा लेख लिहिला नसता. जमत नाही म्हणण्यात लाज नाही. पण आपल्याला जमत नाही याचे खापर ऐकणाऱ्याच्या कानावर फोडणे, ही मला अप्रामाणिकता वाटते. ज्याला शिकायला मिळाले त्याने, ज्याला मिळाले नाही त्याच्याविषयी असे बोलावे, हे तर अधिकच वाईट.

यावर माझ्या दोन साध्या सूचना आहेत. एक, स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर गाणाऱ्याबरोबर साथ करणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापावे, पडदा ओढणाऱ्याचेसुद्धा. शाई फार लागत नाही. दोन, जिमखान्याच्या कपाटातली वाद्ये संमेलनाच्या पंधरा दिवसांपुरती बाहेर न काढता आठवड्यातून एक तास सर्वांसाठी खुली ठेवावीत. ज्यांना आधीच वाजवता येते त्यांच्याकडे बहुधा घरी वाद्य असते. कपाट उघडायचे ते ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी.

संमेलनाच्या दिवशी काय झाले, ते सांगून संपवतो. पुढच्या तालमीत मी मित्राला म्हणालो, "मला तो खालचा जी येतो, मी घेतो." तो म्हणाला, "घे बापडा." प्रत्यक्ष रंगमंचावर चार वेळा तो स्वर आला. दोनदा स्वच्छ लागला, एकदा खरखरला आणि एकदा करंगळी चुकून भलतीकडेच गेली. त्यासाठी वेगळ्या टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वाजवायचे कारणही नव्हते. आण्णांना मी या असे सांगितले होते, पण त्यांना त्या रात्री सुपारी होती. सकाळी चहा घेताना त्यांनी एवढेच विचारले, "पायरी लागली का?"

"दोनदा लागली," मी म्हणालो.

"मग झालं की. बाकीची लागंल."

तिसऱ्या वर्षाचा प्रवेशअर्ज आता जूनमध्ये भरायचा आहे. त्यात तोच रकाना पुन्हा येईल. या वेळी 'बँडवादक, युफोनियम' असे लिहिणार आहे. रकाना लहान असतो, पण अक्षर बारीक काढले तर मावेल.